आरएनए आणि बायोसेन्सरवर काम करणाऱ्या संशोधकाचा लेखाजोखा कसा वाचावा

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी जळगाव, धुळे, शहादा, चोपडा येथील महाविद्यालयांतून आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली मुले-मुली पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधू लागतात. त्यांतील काही जण माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात एखाद्या संशोधकाच्या गूगल स्कॉलर पानाची छापील प्रत असते आणि उजवीकडच्या आकड्यांभोवती पेनाने गोल केलेला असतो. ‘सर, एकशे दहा पेपर आहेत, म्हणजे चांगलेच असतील ना?’ या प्रश्नाला मला हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण त्या आकड्यावरून प्रयोगशाळेत रोज काय चालते, कोणते कौशल्य शिकायला मिळेल आणि पाच वर्षांनी आपल्या हाती काय असेल, यांपैकी काहीच कळत नाही.

मी स्वतः विद्यार्थी असताना याहून वाईट चूक केली होती. एका मोठ्या संस्थेतील मुलाखतीत मी समोर बसलेल्या शास्त्रज्ञांच्या ज्या ‘कामा’ची स्तुती केली, तो आढावा लेख होता, आणि त्यात वर्णन केलेले प्रयोग इतरांच्या प्रयोगशाळांत झालेले होते. ‘यांतला आमचा प्रयोग कोणता?’ असे त्यांनी शांतपणे विचारले आणि माझी बोलती बंद झाली. पुढे दिलेली पद्धत त्या दिवसानंतर हळूहळू बसवलेली आहे. एका संशोधकासाठी तिला साधारण दोन दुपारी लागतात, म्हणून आधी तीन-चार नावे नक्की करूनच तिच्याकडे वळावे.

आधी यादी स्वच्छ करावी

पहिली अडचण नावाची असते, आणि खान्देशातील माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही, कारण आपल्या प्रत्येक वर्गात अर्धा डझन पाटील, तितकेच चौधरी आणि दोन-चार महाजन असतात. ‘एस. पाटील’ या नावाखाली गूगल स्कॉलर मृदाशास्त्रापासून हृदयरोगापर्यंत सगळे एकत्र करून देऊ शकते. म्हणून संशोधकाचा ऑर्किड क्रमांक शोधावा. हा सोळा अंकी क्रमांक एका व्यक्तीला एकच मिळतो आणि बहुधा शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर सापडतो. ऑर्किडवरील यादी संशोधक स्वतः भरतो किंवा भरायची विसरतो, त्यामुळे ती अपुरी असू शकते. पण तिच्यात भलत्याच माणसाचे काम शिरण्याची शक्यता कमी असते.

त्यानंतर पबमेड ही वैद्यक आणि जीवशास्त्रातील शोधनिबंधांची सूची पाहावी, पण तेवढ्यावर थांबू नये. आरएनएचे मूलभूत काम पबमेडमध्ये जवळजवळ पूर्ण सापडते. बायोसेन्सरचे, म्हणजे जैविक रेणूंच्या मदतीने एखादा पदार्थ ओळखणाऱ्या संवेदकांचे काम मात्र रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या नियतकालिकांतही विखुरलेले असते आणि त्यांतील सगळी नियतकालिके पबमेडमध्ये नसतात. ज्यांच्याकडे पेटंट असण्याची शक्यता आहे, त्यांचे नाव भारतीय पेटंट कार्यालयाच्या शोधपानावर टाकून पाहावे. विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि त्यांचा उपयोग पुढे येईलच.

प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधी खुला केलेला मसुदा, आणि छापील शोधनिबंध ही एकाच कामाची दोन रूपे असतात, तेव्हा ती दोनदा मोजू नयेत. हे सांगायला सोपे असले तरी शीर्षक बदललेले असते तेव्हा भलेभले फसतात. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत देवज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटांनी विकसित केलेल्या ‘फेलुदा’ या क्रिस्पर चाचणीचा (मार्गदर्शक आरएनएच्या मदतीने ठरावीक जनुकीय क्रम शोधणाऱ्या विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, आधारलेली चाचणी) मसुदा एप्रिल २०२० मध्ये बायोआर्काइव्हवर आला, तेव्हा त्याच्या शीर्षकात ही चाचणी प्रत्यक्ष ठिकाणी वापरता येण्याजोगी असल्याचा उल्लेख होता. २०२१ मध्ये ‘बायोसेन्सर्स अँड बायोइलेक्ट्रॉनिक्स’मध्ये तेच काम छापून आले, तेव्हा शीर्षक वेगळे होते आणि कोविड निदानाचा उल्लेख त्यात आला होता. अशी जोडी सापडली की दोन्ही रूपे शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत. परीक्षकांनी कोणते प्रयोग वाढवायला लावले आणि कोणता दावा सौम्य झाला किंवा पक्का झाला, हे त्यातून दिसते, आणि संशोधनाची इतकी फुकट शिकवणी दुसरीकडे क्वचितच मिळते.

यादी तयार झाली की आढावा लेख, पुस्तकांतील प्रकरणे आणि परिषदांचे सारांश बाजूला काढावेत. उरलेल्या शोधनिबंधांसाठी साध्या वहीत पाच रकाने आखावेत: वर्ष, आरएनए कोणता, ओळखायचे काय आहे, नमुना कुठून आणला, आणि या व्यक्तीचे नाव लेखकांच्या ओळीत कुठे आहे. चौथा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत. माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

धागा शोधावा

आता वही वर्षांच्या क्रमाने, जुन्याकडून नव्याकडे वाचावी. पडद्यावरची यादी बहुधा या क्रमाने नसते, त्यामुळे माणूस कुठून कुठे आला हे तीत दिसत नाही. या क्षेत्रात येणाऱ्यांच्या वाटा ढोबळपणे दोन असतात. काही जण आरएनए कसा घडी घालतो आणि कशाला चिकटतो, या प्रश्नापासून सुरुवात करून पुढे संवेदकाकडे येतात. काही जण इलेक्ट्रोड, सोन्याचे नॅनोकण किंवा कागदी पट्टी यांपासून सुरुवात करून ओळखण्यासाठी आरएनए किंवा डीएनएचा तुकडा उसना घेतात. यांतील एक वाट श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे नाही, परंतु तुम्हाला जेल चालवायला (आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करायला) शिकायचे आहे की व्होल्टामेट्रीचे, म्हणजे विद्युतप्रवाह मोजण्याचे, आलेख वाचायला, हे त्यावर ठरते.

पहिल्या वाटेचा एक पूर्ण धागा उदाहरणादाखल पाहू. रायबोस्विच म्हणजे संदेशवाहक आरएनएचा असा भाग, जो एखाद्या छोट्या रेणूला स्वतःच चिकटतो, आपली घडी बदलतो आणि जनुक चालू किंवा बंद करतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने २००२ पासून असे स्विच दाखवून दिले, आणि २०१२ मध्ये फ्लोराइड ओळखणारा रायबोस्विच त्यांच्याच प्रयोगशाळेतून पुढे आला. हा शोध चकित करणारा होता, कारण आरएनए ऋणभारित आहे आणि फ्लोराइडही ऋणभारित, मग दोघे एकत्र नांदतात कसे? त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेने उत्तर दिले: मध्ये मॅग्नेशियमचे तीन आयन बसतात आणि आरएनए त्यांच्या आधाराने फ्लोराइडला धरून ठेवतो.

याच स्विचकडे ज्युलियस लक्स हे अमेरिकी संशोधक दुसऱ्या दिशेने आले. आरएनएची घडी एकेका न्यूक्लिओटाइडपर्यंत, म्हणजे एकेका अक्षरापर्यंत, मोजणारी ‘शेप-सीक’ पद्धत मांडणाऱ्या २०११ च्या शोधनिबंधाचे ते प्रथम लेखक होते. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने, आरएनए तयार होत असतानाच फ्लोराइडचा स्विच कोणत्या टप्प्यावर कोणती घडी घालतो, हे दाखवले. २०२० मध्ये त्याच स्विचपासून त्यांनी पेशीविरहित, वाळवून ठेवता येणारा संवेदक बनवला आणि कोस्टा रिकामध्ये प्रत्यक्ष पाण्यावर वापरून पाहिला. मूळ शोध एका प्रयोगशाळेचा, घडीचा अभ्यास दुसरीचा, आणि त्या अभ्यासावर उभा राहिलेला संवेदक त्याच दुसरीचा. वहीत या तीन ओळी एकाखाली एक आल्या की प्रत्येकाचा वाटा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे कोणी न सांगताही उमजते.

या धाग्याच्या टोकाशी आपण आपला स्वतःचा प्रश्न जोडावा. त्या संवेदकाने २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) या मर्यादेवर फ्लोराइड ओळखून दाखवले, आणि ती मर्यादा अमेरिकी आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. म्हणजे तो संवेदक आपल्याकडे आणायचा असेल तर त्याने त्याहून खालच्या पातळीवर निश्चितपणे उत्तर द्यायला हवे. एवढे एक वाक्य मुलाखतीत बोललात, तरी समोरच्याला कळते की तुम्ही केवळ सारांश वाचून आलेला नाही.

फेलुदाचा धागाही असाच मागे नेता येतो, आणि नंदुरबारकडच्या वाचकाला तो अधिक जवळचा वाटेल. कोविडच्या आधी, २०१९ मध्ये, चक्रवर्ती यांच्या गटाने ‘पीएनएएस’ या नियतकालिकात एफएनकॅस९ या विकराविषयी काम छापले होते. हा विकर डीएनएवरील पत्ता मार्गदर्शक आरएनएशी अगदी जुळल्याशिवाय सहसा चिकटत नाही, एका अक्षराचा फरकही त्याला खटकतो, हा त्याचा गुण. सिकलसेल आजारात बीटा ग्लोबिन जनुकात नेमके एकच अक्षर बदललेले असते, जीएजीच्या जागी जीटीजी येते, आणि फेलुदाच्या मसुद्यात विषाणूबरोबर या बदलाचीही चाचणी होती. सातपुड्यातील आदिवासी पाड्यांवर सिकलसेलची तपासणी म्हणजे काय हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या यादीतील कोविडचा शोधनिबंध हा वाटेतील एक मुक्काम दिसेल. बाहेरच्याला तोच शेवटचा पल्ला वाटतो.

येथे एक बारकावा नोंदवून ठेवावा. फेलुदा डीएनए ओळखते, त्यामुळे विषाणूचा आरएनए आधी डीएनएत उतरवून वाढवावा लागतो. कॅस१३ कुळातील विकर मात्र आरएनएच ओळखतात, आणि त्यांच्यावर आधारलेली ‘शेरलॉक’ पद्धत २०१७ मध्ये पुढे आली. ‘आरएनए निदान’ या एकाच नावाखाली ही दोन्ही कामे मोडतात. वहीच्या दुसऱ्या रकान्यात आरएनए कोठे आहे, लक्ष्य म्हणून, मार्गदर्शक म्हणून, की स्वतःच संवेदक म्हणून, हे स्पष्ट लिहावे.

एक शोधनिबंध पूर्ण उघडावा

सगळे शोधनिबंध वाचणे शक्य नसते आणि गरजेचेही नसते. ज्यात ही व्यक्ती शेवटची लेखक आहे आणि ज्यात प्रत्यक्ष संवेदक बनवला आहे, असा गेल्या चार-पाच वर्षांतील एक शोधनिबंध निवडावा आणि तो पूरक माहितीसह पूर्ण वाचावा. सारांश आणि प्रस्तावना सर्वांत शेवटी वाचली तरी चालेल. सुरुवात पद्धतींच्या भागापासून करावी आणि पहिला प्रश्न असा विचारावा, की त्यांनी थेंब कशाचा टाकला?

हा प्रश्न मला केळीने शिकवला. रावेर-यावल पट्ट्यातील शेतकऱ्याला सीएमव्ही म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तो त्याला हरण्या म्हणतो आणि पानावरचे पिवळे पट्टे लांबून ओळखतो. काकडीवरील मोझॅक विषाणू हा तो सीएमव्ही, आरएनए विषाणू, जनुकसंच तीन तुकड्यांत विभागलेला, मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि एक हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींत तो राहू शकतो. अशा विषाणूसाठी बागेतच वापरता येईल असा आरएनए संवेदक करायला किती जण पुढे येतील, हे उघड आहे. पण आता केळीचे पान कापून पाहा. पारदर्शक चीक ओघळतो, थोड्याच वेळात तपकिरी होतो, आणि सदऱ्यावर पडला तर डाग कायमचा राहतो. तो तपकिरी रंग फिनॉलिक संयुगांचा. ती आणि पानातील पिष्टमय चिकट द्रव्ये आरएनएसोबत नळीत उतरली, तर डीएनए वाढवणारे विकर मंदावतात किंवा थांबतात. पाण्यासारख्या स्वच्छ बफरमध्ये सुंदर चालणारी चाचणी या चिकात गप्प बसते, आणि मग ‘विषाणू नाही’ असे खोटे उत्तर मिळते.

म्हणून वहीच्या चौथ्या रकान्यात मी तीनच शब्द वापरतो: बफर, मिसळलेला, खरा. बफर म्हणजे शुद्ध केलेला किंवा यंत्रावर बनवलेला आरएनए स्वच्छ द्रावणात टाकून केलेली चाचणी. मिसळलेला म्हणजे निरोगी रक्तात, लाळेत किंवा पानाच्या रसात तोच शुद्ध आरएनए बाहेरून टाकलेला. खरा म्हणजे रोगी माणसाचा किंवा रोगट झाडाचा नमुना, शक्यतो प्रयोग करणाऱ्याला निकाल आधी माहीत नसताना तपासलेला. एखाद्या संशोधकाचे दहा वर्षांतले सगळे संवेदक ‘बफर’पाशीच थांबलेले असतील, तर ते काम निरुपयोगी ठरत नाही, पण त्याच्या निष्कर्षांतील ‘क्षेत्रीय वापरासाठी सज्ज’ हे शब्द तुम्ही वजा करून वाचावेत. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याने आमच्या प्रात्यक्षिकात विचारलेला प्रश्न, ‘हाई आमना वावरमा चालई का?’, मी अजून परीक्षकाच्या टिपणात शुद्ध भाषेत विचारत असतो.

दुसरा प्रश्न किमान ओळखमर्यादेचा, म्हणजे चाचणी किती कमी मात्रा ओळखू शकते याचा. कोणी फेम्टोमोलर लिहितो, कोणी अ‍ॅटोमोलर, आणि शून्ये वाढत गेली की वाचणारा दबून जातो. अशा वेळी वहीच्या कडेला साधा हिशेब करावा. एक अ‍ॅटोमोलर म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे सहा लाख रेणू, म्हणजेच एका मायक्रोलिटरमध्ये ०.६ रेणू. जर चाचणीत दोन मायक्रोलिटर नमुना टाकला असेल, तर नळीत सरासरी एकच्या आसपास रेणू जातात, आणि कित्येक नळ्यांत एकही जात नाही. सरासरी तीन रेणू येतील इतका नमुना घेतला, तरी शंभरपैकी सुमारे पाच नळ्या रिकाम्याच राहतात. हा संभाव्यतेचा नियम आहे, उपकरण कितीही चांगले असले तरी तो टळत नाही. त्यामुळे ‘दोन मायक्रोलिटर नमुन्यात एक अ‍ॅटोमोलर, प्रत्येक वेळी अचूक’ असे कुठे दिसले तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढावे. ही मर्यादा प्रत्यक्ष पातळ नमुने तपासून काढली आहे, की रिकाम्या नमुन्यांच्या चढउताराची तिप्पट आलेखाच्या उताराने भागून काढली आहे, हेही पाहावे. दुसरी रीत मान्य आहे, पण तिने आलेला आकडा कधीकधी प्रत्यक्ष मोजलेल्या सर्वांत कमी नमुन्याच्याही बराच खाली जातो, आणि तिथे तो आकडा कागदावरचाच राहतो.

तिसरा प्रश्न पुनरावृत्तीचा. आलेखाखाली ‘तीन पुनरावृत्ती’ लिहिलेले असते. त्या एकाच पानाचा रस तीन नळ्यांत टाकून केल्या, की तीन वेगळ्या झाडांची पाने घेऊन केल्या? पहिल्या प्रकारात केवळ पिपेट धरणारा हात किती स्थिर आहे हे कळते. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुनेही मोजावेत: लक्ष्य नसलेला नमुना, जवळचा पण वेगळा आरएनए असलेला नमुना, आणि आरएनएपासून डीएनए बनवण्याची पायरी असेल तर तो विकर न टाकलेली नळी. ही शेवटची नळी नसेल तर मिळालेला संकेत आरएनएचा होता की सोबत आलेल्या डीएनएचा, हे सांगता येत नाही.

आरएनए किती जपून हाताळला आहे, याचीही चिन्हे दिसतात. घामातील आरएनेझ आरएनएचे तुकडे करते, आणि आरएनेझ ए हा विकर चार डायसल्फाइड बंधांमुळे इतका चिवट असतो की नुसत्या ऑटोक्लेव्हवर (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) विसंबून चालत नाही. जिथे आरएनए नमुन्यातून काढला आहे, तिथे २६० आणि २८० नॅनोमीटरवरील शोषणाचे गुणोत्तर दोनच्या आसपास आहे का, आणि आरएनएच्या अखंडतेचा आकडा दिला आहे का, हे पद्धतींत शोधावे. चांगल्या प्रयोगशाळेत हे इतके अंगवळणी पडलेले असते की लिहायला कोणी विसरत नाही.

मग तापमान. वाळवलेला संवेदक ‘खोलीच्या तापमानाला’ टिकतो असे वाचले की त्या खोलीचा पत्ता विचारावा. बोस्टन किंवा शिकागोच्या प्रयोगशाळेतील खोली बावीस-पंचवीस अंशांची असते. मे महिन्यात आपल्याकडे भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी वीज गेली की पंखाही थांबतो. संवेदक कोणत्या तापमानाला, किती दिवस आणि किती आर्द्रतेत ठेवून पाहिला, हे दिलेले असेल तर ती व्यक्ती वापरणाऱ्याचा विचार करते असे मी समजतो. हा माझा पक्षपात असेल, पण खान्देशात राहून तो टाळता येत नाही.

शेवटी पूरक माहितीत शिरावे आणि आरएनए किंवा डीएनएच्या अक्षरांचा क्रमच शोधावा. अ‍ॅप्टॅमर म्हणजे असंख्य यादृच्छिक क्रमांतून निवडून काढलेला, एका विशिष्ट रेणूला चिकटणारा आरएनए किंवा डीएनए. ही निवडीची पद्धत १९९० मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली, एक टर्क आणि गोल्ड, दुसरा एलिंग्टन आणि शोस्टाक. अ‍ॅप्टॅमरवर आधारलेल्या शोधनिबंधात त्याचा पूर्ण क्रम दिलेला नसेल, तर ते काम दुसऱ्या कोणालाही पडताळता येणार नाही. क्रम दिला असेल तर त्यात ‘यू’ आहे की ‘टी’, तेही पाहावे, कारण आरएनएत ‘यू’ असतो आणि डीएनएत त्याच्या जागी ‘टी’. शीर्षकात आरएनए आणि यादीत सगळीकडे ‘टी’, असे अनेकदा आढळते. कधी ती डीएनए साच्याची यादी असते आणि त्यात काही गैर नाही. कधी मात्र संपूर्ण संवेदकच डीएनएचा असतो आणि आरएनए केवळ ओळखायचे लक्ष्य असते. दोन्हींत शिकायला मिळणारे काम फार वेगळे आहे, कारण डीएनए मेजावर विसरला तरी सहसा टिकतो, आणि आरएनए तुम्हाला पहिल्या वर्षभर रडवतो.

काम कोणाच्या हातचे

पहिले नाव बहुधा ज्याने प्रयोग केले त्याचे, शेवटचे ज्याने विषय आखला आणि निधी आणला त्याचे, हा जीवशास्त्रातील संकेत. बायोसेन्सरच्या शोधनिबंधात दोन-तीन प्रयोगशाळा एकत्र येतात, म्हणून मधल्या नावांवरही लक्ष द्यावे. ज्यांची बरीच नावे मधल्या जागी आहेत, त्यांनी बहुधा एक ठरावीक पायरी सांभाळलेली असते, उदाहरणार्थ आरएनए बनवून देणे किंवा इलेक्ट्रोड तयार करणे. शेवटी लेखकांच्या वाट्याचे निवेदन असेल तर ते शब्दशः वाचावे. त्यात ‘संकल्पना’, ‘प्रयोग’, ‘विश्लेषण’ अशी ठरलेली कामे नावांनिशी दिलेली असतात.

यातूनच विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी गोष्ट कळते. मागील सात-आठ वर्षांतील प्रथम लेखकांची नावे काढावीत आणि त्यांतील पीएच.डी.चे विद्यार्थी कोण ते शोधगंगेवर पाहावे. प्रबंध सादर होण्यापूर्वी त्यांचा स्वतःचा शोधनिबंध आला का? एकाच विद्यार्थ्याच्या कामावर मार्गदर्शकांचे आठ शोधनिबंध आणि बाकीच्यांचा एकही नाही, असे तर नाही ना? माझ्या ओळखीच्या यावलच्या एका विद्यार्थिनीने असेच पाहून पहिल्या पसंतीचे नाव मागे ठेवले आणि तुलनेने लहान प्रयोगशाळा निवडली. तिने प्रबंधांतील ऋणनिर्देशही वाचले होते. मला ते तोवर सुचले नव्हते. कोणी कोणाला कोणते तंत्र शिकवले, हे माणसे तिथे अगदी मोकळेपणाने लिहितात.

आकडे आणि शंका

एच-इंडेक्स (किती शोधनिबंधांना किमान तितकीच उद्धरणे मिळाली तो आकडा) ही २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी सुचवलेली मोजणी वयाबरोबर वाढते आणि आढावा लेखांनी फुगते. एका वयाच्या आणि एका विषयाच्या दोघांची तुलना करायची तेवढीच तिच्याकडे पाहावे. नियतकालिक कोणत्या यादीत आहे यावरही विसंबू नये, कारण याद्या बदलतात. मान्य नियतकालिकांची युजीसी-केअर यादीदेखील २०२५ मध्ये बंद झाली. छापील शोधनिबंधांवर शंका मांडल्या जातात त्या पबपीअर संकेतस्थळावर नाव टाकून पाहावे आणि मागे घेतलेल्या शोधनिबंधांच्या रिट्रॅक्शन वॉच नोंदींतही शोधावे. एखादी दुरुस्ती छापलेली आढळली तर घाबरू नये, स्वतःहून चूक कबूल करणारा मार्गदर्शक मिळणे हे भाग्यच. जेलच्या त्याच पट्ट्या दोन वेगळ्या प्रयोगांच्या म्हणून छापल्याची शंका अनेकांनी आणि अनेक शोधनिबंधांवर घेतली असेल, तर मात्र वही मिटावी.

पत्र लिहावे

वहीवरून एक पान तयार करावे: वर एका ओळीत धागा, मधे उघडलेल्या शोधनिबंधाविषयी पाच-सहा वाक्ये, खाली तुमचा एक प्रश्न. मार्गदर्शकांना पाठवायचे पत्र या पानातूनच निघते आणि ते दीडशे-दोनशे शब्दांपलीकडे जाऊ नये. ‘आपल्या थोर कार्याने प्रभावित होऊन’ ही सुरुवात सगळेच करतात. त्याऐवजी पहिल्याच वाक्यात शोधनिबंधाचे वर्ष आणि त्यातील एक आकृती सांगावी, दुसऱ्यात त्या आकृतीवरून पडलेला प्रश्न लिहावा, आणि तिसऱ्यात तुम्हाला स्वतःच्या हाताने काय येते ते खरे लिहावे. आरएनए कधी काढला नसेल तर नाही असेच लिहावे. पीसीआर केला असेल तर किती वेळा आणि कशावर ते लिहावे. नेटचा निकाल, शिष्यवृत्ती आहे की नाही, आणि कधीपासून रुजू होता येईल, हे शेवटच्या ओळीत येते.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण पाठवावी, आणि त्यानंतर पुन्हा पाठवू नये. मुलाखतीचे बोलावणे आले तर वही सोबत न्यावी, पण उघडू नये. आदल्या रात्री रेल्वेत फक्त चौथा रकाना परत वाचावा, कारण ‘आमच्या कामात तुम्हाला काय कमी वाटले?’ असे विचारले गेलेच, तर सभ्यपणे देता येईल असे उत्तर बहुधा त्याच रकान्यात लिहिलेले असते.